पिशवीची गाठ सोड, चिऊ

चिऊ,

काल फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस ते रात्रभर मनात घोळत राहिलं. "ताई, माझ्या एका घराच्या कचऱ्यानं हवामानाचं असं काय बिघडणार आहे गं? कारखाने बघ, विमानं बघ." तू चिडून नाही म्हणालीस, थकून म्हणालीस. दिवसभर ऑफिस, ओवी अजून लहान, नव्या घरातली निम्मी खोकी न उघडलेली, आणि त्यात मी ओल्या-सुक्याची भुणभुण लावलेली. म्हणून आज फोन न करता लिहायला बसले. फोनवर तुझ्या कुकरची शिट्टी झाली की माझं अर्धं बोलणं राहून जातं.

आठवतंय, दिवाळीनंतर आपण सगळे तीन दिवस लग्नाला गेलो होतो? परत आलो तेव्हा तुझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे ती काळी पिशवी गाठ मारून तशीच राहिली होती. फुगून टम्म झाली होती. तू नाकाला पदर लावून ती उचललीस, गाठ जरा सैल झाली आणि आत कोंडलेला वास सगळ्या घरभर झाला. सालं, खरकटा भात, चहाचा चोथा, एवढंच तर होतं त्यात. यातली एकही गोष्ट ताजी असताना घाण नव्हती. घाण झाली ती हवा कोंडल्यामुळे.

मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याच्याच मागून येतं. सालं-खरकटं उघड्या हवेत कुजलं तर त्याची माती होते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो त्या भाजीनं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, घेतलेलं परत दिलं इतकंच. पण तेच खरकटं हवा न लागता कुजलं तर वेगळे जिवाणू कामाला लागतात. तीन दिवसांच्या पिशवीत त्यांची नुसती सुरुवात असते, आंबूस वास आणि फुगारा. ती पिशवी कचरा डेपोत जाऊन वीस-तीस फूट कचऱ्याखाली दबली की काही महिन्यांत त्यातून मिथेन सुटायला लागतो आणि तो पुढे वर्षानुवर्षं सुटत राहतो.

मिथेन तुला नवा नाही. आजोळी गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी होती ना? मामी सकाळी शेण-पाणी कालवून आत सोडायची आणि स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटायची. ज्योतीवर भाकरी टम्म फुगायची. ती ज्योत मिथेनचीच. तिथे टाकीला झाकण होतं, नळी होती, शेगडी होती. वायू जळून जायचा आणि जेवणही व्हायचं. शहराच्या कचऱ्याच्या डोंगराला ना झाकण ना नळी. तोच वायू न जळता थेट वर जातो. आणि न जळलेला मिथेन वाईट. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि पहिल्या २० वर्षांचा धरला तर ८० पटींच्या आसपास. उद्योगयुग सुरू झाल्यापासून पृथ्वी जेवढी तापली त्यातला सुमारे ३० टक्के वाटा एकट्या मिथेनचा आहे. माणसामुळे सुटणाऱ्या मिथेनपैकी जवळपास पाचवा हिस्सा कचऱ्यातून आणि सांडपाण्यातून येतो.

यात एक दिलासाही आहे. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत रेंगाळतो, मिथेन साधारण बारा वर्षांत विरून जातो. म्हणजे आज तो सोडायचा थांबवला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत येतो. ओवी कॉलेजात जाईल तोवर येतो. म्हणून मला हे काम इतकं जवळचं वाटतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, एका घरानं काय होणार. काल रात्री मी वहीवर हिशेब मांडला. तुमच्या तिघांचा आणि सासूबाईंचा मिळून ओला कचरा रोज अर्धा किलो धरू. वर्षाला १८० किलो. हवामानाचे अभ्यासक जी गणितं वापरतात त्यांनुसार खोल ढिगात कुजणाऱ्या एक किलो खरकट्यातून साधारण ४० ग्रॅम मिथेन सुटतो. म्हणजे तुमच्या घरचा वर्षाचा सात किलोंच्या वर. त्याला २८ नं गुणलं की २०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो निघतो, तेव्हा हे झालं ८५-८७ लिटर पेट्रोल. तू स्कूटरवरून रोज बारा-तेरा किलोमीटर ये-जा करतेस ना, तिचं वर्षाचं सगळं पेट्रोल आलं यात. स्कूटर तर तुला चुकत नाही. ही पिशवी मात्र चुकवता येते, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

हा सगळा ढोबळ अंदाज आहे, आकडा बराच इकडे तिकडे होऊ शकतो. पण पुण्यात रोज दोन हजार टनांच्या वर कचरा निघतो आणि आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो. तो कोणा एकाचा नाही. तुझ्या-माझ्या अर्ध्या अर्ध्या किलोचाच तो झालेला आहे.

तू हडपसरला राहतेस, तिथून फुरसुंगी आणि उरुळी देवाची किती लांब आहे सांग बरं? नव्वदच्या दशकापासून पुण्याचा कचरा त्या गावांच्या शिवारात पडत आला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ कचऱ्याच्या गाड्या आत येऊ दिल्या नाहीत. आपण तेव्हा पेठेत राहायचो. चौकाचौकात कचरा साठला म्हणून आपणच कुरकुरत होतो. त्या गावांतल्या बायांनी तर तो वास स्वतःच्या अंगणात वर्षानुवर्षं सोसला होता. मला ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

मुंबईचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड या डेपोहून जुनं, १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. कचऱ्याचे डोंगर इतके दिवस धुमसतात त्याचं कारणही पुष्कळदा पोटातला हाच वायू. वरून पाणी मारलं तरी आतून जळत राहतं.

मग तो वायू नळ्या घालून काढून का घेत नाहीत, असं तू विचारशील. काही ठिकाणी काढतात. मुंबईतला गोराईचा ढीग २००७ नंतर नीट झाकून बंद केला आणि त्यातला वायू गोळा करून जाळायची सोय केली. चांगलंच झालं ते. पण खरकटं लवकर कुजतं. ढीग झाकून नळ्या बसेपर्यंत त्यातला बराचसा वायू निघून गेलेला असतो. कचरा जाळून वीज करण्याचंही तसंच. ओल्या कचऱ्यात पाणीच फार, तो धड जळत नाही, आणि जे जोरात जळतं ते प्लॅस्टिक, म्हणजे शेवटी खनिज तेलच. या योजना करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आधी साठलेल्या ढिगांचं काहीतरी करावंच लागेल. पण आज रात्रीचं खरकटं त्या ढिगात जाऊच नये, हे त्या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं आहे. आणि ते तुझ्या ओट्यावर ठरतं.

आता करायचं कसं ते सांगते. आधी माझं काय चुकलं ते ऐक, म्हणजे तुझं चुकणार नाही.

मी पहिला डबा सुरू केला तेव्हा मोठ्या हौसेनं त्यात सगळं ओतलं. उरलेली आमटी, ताक, भाताची पेज, सालं. वरून झाकण घट्ट लावलं, वास नको म्हणून. आठव्या दिवशी अळ्या आणि असा दर्प की शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "हे काय चालवलंयस बाई?" मला रडूच आलं. मी डब्याला झाकण लावून पुन्हा ती काळी पिशवीच तयार केली होती, फक्त प्लॅस्टिक जाड होतं इतकंच. मग एका माळ्यानं मला सांगितलं, "ताई, यात ओलंच ओलं आहे, वाळकं कुठंय?" तिथे माझी चूक कळली.

तर वाळका पाला हवा. जेवढं ओलं तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच. डब्याला चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाड, तळाला नारळाच्या शेंड्या घाल, त्यावर पाला. मग रोजची सालं, आणि रोज वरून मूठ-दोन मुठी चुरलेला पाला. सुरुवातीला विरजण म्हणून माझ्याकडचं जुनं खत देईन, दह्याला लावतो तसंच. ताक शिंपडायचं असेल तर शिंपड, पण नुसतं शिंपड. पातळ आमटी गाळून घे, चोथा डब्यात. दोन-तीन दिवसांनी काठीनं हलव, हवा खेळली पाहिजे. मूठभर खत हातात दाबलंस तर पिळलेल्या फडक्यासारखं लागलं पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं तर पाला वाढव, भुगा झाला तर पाणी शिंपड. वास आला की एकच समज, आत हवा नाही. यापलीकडे यात शास्त्र नाही.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नकोस, ते शुभ आहे. चिलटं आली तर वर पाल्याचा जाड थर दे. आणि आठ-दहा दिवसांनी सकाळी हात आत घालून बघ. आत ऊन ऊन लागतं गं! पहिल्यांदा मला ते लागलं तेव्हा मी ओंजळभर बाहेर काढून बघत बसले होते. ओट्यावरची दुधीची सालं ओळखू येत नव्हती, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात येतो तसा वास होता. दीड-दोन महिन्यांत खाली काळं खत तयार होतं. डबे दोन ठेव, एक भरला की तो पिकू द्यायचा आणि दुसऱ्यात टाकायला घ्यायचं.

पाल्याची काळजी करू नकोस. तुमच्या सोसायटीचा झाडूवाला तो रोज गोळा करतोच, आणि थंडीत वॉचमन त्याचीच शेकोटी करतात. ती बंद करायला तू बोल. पाला जाळला की धूर आणि काजळी, आणि उघड्यावर कचरा जाळल्यास हरित लवादानं २०१६ मध्येच पाच हजार रुपये दंड ठरवून दिला आहे. पण दंडाची भीती घालू नकोस, "दादा, पाला मला द्या" एवढंच म्हण. ते आनंदानं देतात, त्यांचं ओझं हलकं होतं. पुण्यात 'ब्राऊन लीफ' म्हणून एक चळवळच आहे. ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना तो हवाय, त्यांची गाठ घालून देतात.

सोसायटीचं म्हणशील तर आमच्याकडे बिल्डरनं दिलेलं खताचं विजेवरचं यंत्र होतं. चोवीस तासांत खत, असं सांगितलं होतं. त्यातून निघायचा तो नुसता भाजलेला, वाळलेला कचरा. कुंडीत घालून पाणी घातलं की पुन्हा फुगायचा आणि आंबायचा. वर वीज खायचं ते वेगळंच. शेवटी आम्ही ते बंद केलं आणि मागच्या भिंतीलगत जाळीदार विटांचे चार हौद बांधले. तुमच्या सभेत कोणी यंत्राचं नाव काढलं तर आधी चौकशी कर, ते कुजवतं की नुसतं वाळवतं. आणि त्याच सभेत हेही सांग, की पुण्यात गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात पाच टक्के सवलत आहे. ज्यांना हवामानाचं पटत नाही त्यांना हे पटतं, आणि पटलं की काम होतं.

सासूबाईंचं मात्र नाजूक आहे, मी जाणून आहे. त्यांच्या मनात उकिरडा गावाबाहेर असतो, देवघर असलेल्या घरात नसतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. तू पहिल्यांदा निर्माल्य वेगळं कर. देवाची फुलं, बेल, दुर्वा, तुळशीची वाळलेली पानं, एवढ्याचाच छोटा डबा कर, त्याचं खत होऊ दे, आणि ते त्यांच्याच हातानं तुळशीला घालायला लाव. माझ्या सासूबाईंचा विरोध असाच संपला. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात ते उगीच नाही, शेतकऱ्याचं सोनं तेच होतं. त्यांच्या माहेरी पेरणीआधी गाड्या भरभरून उकिरडा शेतात जायचा. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, मी कधी विचारलंच नव्हतं. तूही विचार.

आणि खत करण्याच्याही आधीचं काम, अन्न वायाच जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिला आहे. त्या अन्नासाठी पंप चाललेला असतो, खत पडलेलं असतं, ट्रक धावलेला असतो. भाताच्या खाचरातूनही मिथेन सुटलेला असतो. ते सगळं करून शेवटी तो भात डेपोत! आपल्या आईकडे यातलं काही वाया जायचं नाही. दोडक्याची भाजी असली की शिरा तव्यावर तीळ-सुक्या खोबऱ्याबरोबर खरपूस परतून चटणी व्हायची, आणि भाजीपेक्षा आपण त्या चटणीवर तुटून पडायचो. शिळी पोळी कुस्करून फोडणीला, भात थालीपिठात, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. ओवीला ती चटणी करून घाल एकदा.

सुक्याचं थोडक्यात सांगते. तुझ्याकडे सकाळी कचरा न्यायला येतात त्या 'स्वच्छ'च्या ताई, त्यांच्याशी ओळख कर, नाव विचार. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था आली. आज तीन हजारांहून जास्त कष्टकरी तिच्यात आहेत. माझ्या दारात येणाऱ्या ताई गाडीच्या बाजूला बसून उघड्या बोटांनी पिशव्या फाडायच्या, तेव्हा मी एकदा वाकून पाहिलं होतं. वरणानं माखलेलं वर्तमानपत्र, त्यात बाळाचा डायपर, त्यात दुधाची पिशवी. त्यांनी वर्तमानपत्र उलटसुलट केलं आणि बाजूला टाकून दिलं. त्याचे त्यांना पैसे मिळणार नव्हते. आणि ते डेपोत कुजणार होतं. कागद वाळलेला असतो, म्हणून किलोमागे तर खरकट्यापेक्षा जास्त मिथेन देतो. ओलं त्याला लागलं नसतं तर त्याचा पुन्हा कागद झाला असता.

म्हणून दुधाची पिशवी विसळून वाळत घाल. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढ, म्हणजे त्यांना ते उघडावं लागत नाही. पत्र्याचे डबे, अॅल्युमिनियमचे कॅन वेगळे दे. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्यानं बनवण्याच्या मानानं सुमारे ९५ टक्के वीज कमी लागते. ही बचत कारखान्यानं केली असं आपण म्हणतो, पण तिची पहिली निवड त्या ताईंच्या हातांनी झालेली असते. हवामानासाठी या शहरात सगळ्यात जास्त काम कोण करतं असं मला विचारलंस तर मी त्यांचं नाव घेईन.

जुना फ्रिज काढणार आहेस म्हणालीस, तो दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नकोस. तो पत्र्यासाठी नळी कापतो आणि आतला वायू हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापवणारा असतो. अधिकृत ई-कचरा केंद्रात दे, चार पैसे कमी आले तरी चालतील.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नकोस, दमशील आणि पंधरा दिवसांत सोडून देशील. तुला मी ओळखते. रविवारी सकाळी येते. भोकं पाडलेले दोन डबे, विरजणापुरतं खत आणि पोतंभर पाला घेऊन येईन, जेवायला दोडका कर. तोवर तू एवढंच कर. आज रात्रीपासून ओल्या कचऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी लावू नकोस, आणि त्याची गाठ मारू नकोस.

तुझी,
ताई